पावणेदोन कोटी म्हणजे महिना दहा हजार

‘महिन्याला फक्त पाच हजार भरा आणि साठीला पावणेदोन कोटी घ्या.’ हे रील तुमच्या फोनवर येऊन गेलं असेल. नसेल, तर आज-उद्या येईलच. मागे गाणं वाजत असतं, समोर आपल्याच वयाचा एक पोरगा उभा असतो आणि शेवटी तो विचारतो, ‘मग तू का गरीब राहणार?’

त्याने दाखवलेलं गणित बरोबर आहे. महिना ५,००० ची एसआयपी, वर्षाला १२ टक्के परतावा आणि तीस वर्षं असं कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये टाका, १ कोटी ७६ लाखांच्या आसपास उत्तर येतं. माझी तक्रार एवढीच आहे की गणित अर्ध्यावर सोडलंय.

उरलेलं अर्धं आपण करू. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरचे १ कोटी ७६ लाख म्हणजे आजचे साधारण तीस लाख. साठीनंतर पंचवीस वर्षं जगायचं आहे आणि तोवर उरलेल्या पैशावर निदान महागाईइतकं व्याज मिळत राहील असं धरू. मग आजच्या किमतीत महिन्याला दहा हजार रुपये हातात येतात. सांगोल्यात नवरा-बायको दोघं म्हातारी माणसं स्वतःच्या घरात राहत असतील, कुणाला मोठं दुखणं नसेल, तर एवढ्यात कसंबसं भागतं. पुण्यात भाड्याच्या घरात भागत नाही.

दहा हजार वाईट नाहीत. काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. पण ‘पावणेदोन कोटी’ ऐकून पोरगा सुटकेचा श्वास सोडतो आणि ‘महिना दहा हजार’ ऐकून तोच पोरगा विचार करायला लागतो. या दोन वाक्यांमधल्या फरकावर एक अख्खा धंदा उभा आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. म्हातारपणाच्या नावाने आपल्याकडून पैसे घेणाऱ्या प्रत्येकाने, मग ती कंपनी असो, एजंट असो, ॲप असो की सरकार, शेवटचा आकडा आजच्या रुपयात सांगावा. जो सांगत नाही, तो एकही खोटा शब्द न बोलता आपल्याला फसवतोय.

आजीला हे कळतं

ही काही अर्थशास्त्रातली अवघड गोष्ट नाही. महूद, जवळा, कोळा, नाझरे, तालुक्यातल्या कुठल्याही गावात जुन्या माणसाला विचारा, ‘तुमच्या लग्नात किती खर्च आला?’ उत्तर रुपयांत येतं, पण एकटं येत नाही. ‘तवा तोळा अमक्याला हुता,’ हे त्याला जोडूनच येतं. रुपया ही आखडत जाणारी पट्टी आहे हे त्या माणसाला ठाऊक असतं, म्हणून तो दुसरी पट्टी शेजारी ठेवतो.

१९९९ साली दहा ग्रॅम सोनं सव्वाचार हजारांच्या आसपास होतं. म्हणजे त्या वर्षीच्या एक लाखात तेवीस तोळे आले असते. आज लाखात एक तोळा येत नाही. सोनं ही महागाई मोजायची नेमकी पट्टी नव्हे, ते स्वतःच वर-खाली होतं. पण १९९९ साली ज्याला ‘पंचवीस वर्षांनी एक लाख मिळतील’ असं सांगून सही घेतली, त्याच्या डोळ्यांसमोर तेवीस तोळ्यांचा लाख होता. हातात पडला तो एका तोळ्याचा.

आजी सोन्याच्या पट्टीने मोजते. आपण इंजिनिअरिंग केलं, चक्रवाढ व्याज शिकलो आणि स्क्रीनवरच्या कोटीला भुललो.

तोंडी हिशोबासाठी एक सोपा नियम आहे. ७२ ला महागाईच्या टक्क्याने भागायचं. ६ टक्क्यांनी भागलं तर १२ येतात. म्हणजे दर बारा वर्षांनी रुपयाची किंमत निम्मी होते. चोवीस वर्षांनी चार आणे, छत्तीस वर्षांनी दोन आणे. पुढे येणारा प्रत्येक आकडा या नियमावर घासून बघा.

सरकारी पेन्शन, आजच्या रुपयात

अटल पेन्शन योजना २०१५ साली आली. १८ ते ४० वयाच्या माणसाने पैसे भरायचे आणि साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये ठरलेली पेन्शन घ्यायची. पंचवीस वर्षांच्या माणसाला ५,००० ची पेन्शन हवी असेल तर महिन्याला ३७६ रुपये भरावे लागतात, आणि ते सलग पस्तीस वर्षं. पेन्शनची हमी सरकारची आहे. योजना खरी आहे, पैसेही खरेच मिळतील.

किती मिळतील? ६ टक्के महागाईने पस्तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे साडेसहाशे. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्के आहे. ते पस्तीस वर्षं तंतोतंत पाळलं गेलं असं मानलं तरी साडेबाराशे. शिवाय पेन्शन साठीला जिथे सुरू होते तिथेच थांबते, पुढे एक रुपया वाढत नाही. माणूस ऐंशीचा होईल तेव्हा ६ टक्के दराने ती आजच्या दोनशे रुपयांएवढी झालेली असेल. जाहिरातीत हसणाऱ्या आजोबांच्या हातात खरं म्हणजे एवढेच पैसे आहेत.

शेतकऱ्यांसाठीची पंतप्रधान किसान मानधन योजना २०१९ ची. साठीला महिना ३,०००. आज पंचविशीत असलेल्या शेतकऱ्यासाठी ते ६ टक्क्यांनी चारशे रुपयेही होत नाहीत.

पगारदारांनो, आपली पगाराची स्लिप काढा. पीएफमध्ये कंपनी जो वाटा टाकते त्यातला काही भाग ईपीएस नावाच्या पेन्शनमध्ये जातो. तिचं सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पण पगार खराखुरा धरत नाहीत. २०१४ साली त्याची मर्यादा १५,००० ठरली आणि पुढची दहा वर्षं ती हलली नाही. सूतगिरणीतला कामगार असो की हिंजवडीतला इंजिनिअर, या मर्यादेत पस्तीस वर्षं नोकरी केली तर पेन्शन बसते साडेसात हजार. तीही न वाढणारी.

सगळ्यात गरिबांचं बघा. निराधार वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २००६ साली महिना २०० रुपये ठरला. ६० ते ७९ वयाच्या लोकांसाठी पंधरा वर्षांनंतरही तो २०० च होता. राज्याने स्वतःचे पैसे घालून श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधारची रक्कम १,५०० वर नेली, ती २०२३ मध्ये. दोनशेचे दोनशे राहिले म्हणजे कपात झालीच, फक्त तिचा आदेश कुणाला काढावा लागला नाही.

‘सरकारला एवढं कुठं मोजता येतंय’, असं कुणी म्हणेल. येतं. चोख येतं. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो, जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो. निवृत्तांनाही तो मिळतो. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, तेव्हा अनेकांना तो हावरटपणा वाटला. मला त्यात एक शहाणपण दिसतं. जुन्या पेन्शनमध्ये महागाईनुसार वाढ आहे आणि म्हातारपणात तिचंच मोल आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन स्कीम जाहीर केली, तिच्यातही महागाईनुसार वाढ ठेवावी लागली.

म्हणजे राज्यकर्त्यांना हे कळतं, बाबूंना कळतं, संघटनेला कळतं. ज्याची संघटना नाही त्यालाच आकडा गोठवून दिला जातो. डाळिंबवाला, टपरीवाला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि कंत्राटी नर्स या रांगेत आहेत.

नात्यातला एजंट

आता खासगी बाजू. आपल्याकडे पॉलिसी कुणी अनोळखी माणूस विकत नाही. तो मामाचा मेहुणा असतो, शाळेतले सर असतात, नाहीतर शेजारचे काका. ‘नाही’ म्हणणं म्हणजे नातं दुखावणं. त्यात दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर पंचवीस टक्के कमिशन आणि वर बोनस, अशी रीत वर्षानुवर्षं चालत आली. एवढं कमिशन असेल तर भला माणूसही आधी तीच पॉलिसी दाखवणार. त्याला दोष देऊन फार उपयोग नाही.

दोष कागदाचा आहे. समजा वर्षाला २४,००० चा हप्ता, पंचवीस वर्षं, परतावा साडेपाच टक्के. पारंपरिक पॉलिसीत साधारण एवढाच पडतो. शेवटी १३ लाखांच्या आसपास मिळतात. भरले सहा लाख, मिळाले तेरा, ‘दुपटीपेक्षा जास्त!’ पण भरलेला प्रत्येक हप्ता आणि मिळालेली रक्कम दोन्ही आजच्या रुपयात आणा. ६ टक्के महागाईने तुम्ही सव्वातीन लाख भरले आणि तीन लाख परत घेतले. पंचवीस वर्षं शिस्त पाळल्याची ही शिक्षा. वर जो विमा मिळाला तो पाच-सहा लाखांचा. घरातला कमावता माणूस पस्तिशीत गेला तर तेवढ्यावर घर किती वर्षं चालेल? निरोगी तरुणाला तितक्याच किंवा कमी हप्त्यात पन्नास लाखांचा टर्म विमा मिळतो.

गंमत अशी की विमा नियामकाचा नियम आहेच. पॉलिसी विकताना ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन दरांनी पुढचे आकडे छापून द्यावे लागतात. म्हणजे रकाने आहेत, कागद आहे, सही आहे. फक्त ‘आजच्या रुपयात’ हा तिसरा रकाना नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजाराच्या जोखमीचं वाक्य धावत धावत म्हणतात, त्यात महागाई हा शब्द नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा दाखवायला एक भागाकार लागतो. दुपारच्या चहाआधी कोड लिहून, तपासून लाइव्ह जाईल. तरी बहुतेक ॲपमध्ये तो पहिल्या स्क्रीनवर नसतो, कारण कोटी दिसला की बोट बटणावर जातं. भागाकार केला की बोट थांबतं.

‘मग शेतीच बरी’

इथे गावाकडचा माणूस म्हणतो, हे सगळे कागद खोटे, आपली बागच आपली पेन्शन. त्यात तथ्य आहे. जमिनीतून निघणारा माल महागाईबरोबर महाग होतो. पण सांगोल्याने गेल्या काही वर्षांत काय पाहिलं? २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्याच स्टेशनावरून बंगालमधल्या शालिमारला सुटली. डाळिंबाचं नाव देशभर झालं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच खोडकिडा, मर आणि तेल्याने बागा बसल्या. किती जणांनी झाडं उपटून रचली ते आपण रस्त्याने जाता-येता बघितलंय. एकाच पिकावर टेकलेलं म्हातारपण एका किडीने कोसळतं.

शेअर बाजाराचीही तीच गोष्ट. ‘दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो’ हे वाक्य मंत्रासारखं म्हणू नका. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरमध्ये ज्या शिखरावर होता, तिथे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं. आपल्याकडे २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० वर गेला, वर्षाच्या आत ८,००० पर्यंत आला, आणि पुन्हा त्या उंचीवर टिकायला २०१३ संपत आलं. पंचविशीतल्या माणसाला हे सोसतं. एकोणसाठाव्या वर्षी नाही. तरीही बाजारात काही पैसे ठेवावे लागतात, कारण महागाईला ठळक फरकाने मागे टाकायची शक्यता तिथेच जास्त असते. ती शक्यता आहे, हमी नाही.

राहिला तिसरा पर्याय, मुलगा. आपल्यापैकी कित्येकांच्या डिग्रीची फी हीच आईबापांची निवृत्ती योजना होती. आपण त्यांची पेन्शन आहोत, हे तक्रार म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतोय. त्यामुळे आपल्याला दोन म्हातारपणांची सोय करायची आहे, त्यांच्या आणि आपल्या. म्हणून चुकीच्या आकड्यावर विसंबायची चैन आपल्याला परवडत नाही.

‘खरं सांगितलं तर लोक घाबरतील’

या मागणीवर तीन आक्षेप येतात.

पहिला: पुढची महागाई कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. पण पुढचा १२ टक्के परतावा तरी कुणाला माहीत आहे? तो छापताना हात थरथरत नाही. एक अंदाज मोठ्या अक्षरात आणि दुसरा गायब, हे चालणार नाही. ४ आणि ६ असे दोन्ही दर छापा.

दुसरा: खरा आकडा बघून लोक निराश होतील आणि बचतच सोडतील. हा युक्तिवाद मला अपमानास्पद वाटतो. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर शेती करणाऱ्या तालुक्याला वाईट बातमी झेपत नाही, असं कोण म्हणतंय? टँकरची वेळ कळली की माणूस घागरी मांडतो. कमी पडणार हे पंचविशीत कळलं तर तो हप्ता वाढवेल. साठीला कळलं तर काय करेल?

तिसरा: गरिबाला काहीच नव्हतं, निदान काहीतरी मिळतंय. मान्य. अटल पेन्शन बंद करा असं मी म्हणत नाही. ती महागाईला बांधा असं म्हणतोय.

आणि हे जगात कुठेच होत नाही असं नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन १९७५ पासून दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढते. ब्राझीलने २०२३ च्या जानेवारीत ‘रेंडा मायस’ नावाचे सरकारी रोखे आणले. सामान्य माणसाने जमेल तेव्हा थोडे थोडे विकत घ्यायचे, ठरलेल्या वर्षापासून वीस वर्षं दरमहा पैसे, आणि सगळं महागाईशी बांधलेलं. यामागची कल्पना नोबेलविजेते रॉबर्ट मर्टन आणि भारतीय वंशाचे अरुण मुरलीधर यांची.

आपल्याकडेही प्रयत्न झाला होता. २०१३ च्या डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने किरकोळ बचतदारांसाठी महागाईशी जोडलेले दहा वर्षांचे रोखे काढले. महागाई अधिक दीड टक्का असा दर. प्रतिसाद थंड आला आणि मार्च २०१४ ला विक्री बंद. जेमतेम तीन महिने. पोस्टातल्या काउंटरवर ज्याचं नाव कधी पोहोचलं नाही, त्याला प्रतिसाद कुठून येणार? तीच गोष्ट पोस्टातून, मराठीत छापलेल्या फॉर्मवर, शंभर रुपयांपासून विका. मग बघू प्रतिसाद.

तोपर्यंत

सरकार हलेपर्यंत आपलं म्हातारपण थांबणार नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या हातातलं थोडं सांगतो.

हप्ता गोठवू नका. पाच हजारांची एसआयपी तीस वर्षं पाच हजारच ठेवली तर आजच्या रुपयात तीस लाख होतात. तोच हप्ता दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवला तर पन्नास लाखांच्या आसपास. परताव्याचा दर तोच धरलाय. पगारवाढ झाली की आधी हप्ता वाढवा, मग फोन बदला.

खर्च बघा. वर्षाला एक टक्का जास्त खर्च घेणारा फंड तीस वर्षांत अंतिम रकमेचा पाचवा हिस्सा खातो. २०१३ पासून प्रत्येक फंडाचा ‘डायरेक्ट’ प्रकार मिळतो, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. साधा इंडेक्स फंड पुरतो.

ज्यांचे पैसे बहार विकल्यावर एकदाच येतात, त्यांनी दर पाच तारखेचं बंधन घेऊन बँकेचा दंड भरू नये. महिन्याचा हप्ता हा पगारदाराचा शोध आहे. पीपीएफमध्ये वर्षातून एकदा भरलं तरी चालतं, किमान ५०० आणि कमाल दीड लाख. एनपीएसही २००९ पासून सगळ्यांना खुली आहे, तिथेही पैसे हातात येतील तेव्हा भरता येतात. हस्त बहार चांगला गेला की त्याच आठवड्यात भरून मोकळं व्हायचं. जे पडता कामा नये ते पीपीएफ, पीएफमध्ये. ज्याला पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नाही ते बाजारात. विमा वेगळा, टर्मचा.

आणि पुढच्या वेळी सर, काका किंवा मामांचा मेहुणा चहाला बसले की भांडू नका. वही पुढे करा आणि म्हणा, ‘काका, शेवटचा आकडा आजच्या रुपयात लिहून सही करून द्या.’ लिहून दिला तर शांतपणे विचार करा. विषय बदलला तर चहा पाजून पाठवून द्या. हाच प्रश्न मतं मागायला येणाऱ्यांनाही विचारा. पेन्शन किती देणार हे तेच सांगतील, आपण फक्त पुढचा प्रश्न विचारायचा: दरवर्षी वाढणार का, आणि कशाच्या हिशोबाने?